सूपभर कोंडा

मिहिका: अकरा झाल्या. बाराव्या दगडाची पाटी कुठंय, काका?

रामेश्वर: न्हाई केली.

मिहिका: नाही केली म्हणजे? मशीन बंद पडलंय का?

रामेश्वर: मशीन चालू हाय. तेवढी एक न्हाई केली.

मिहिका: काका, तीनला पिकअप येतंय. आज संध्याकाळी अबुधाबीला म्युझियममध्ये सगळं मांडायचंय आणि उद्या सकाळी शाळेच्या मुलांची पहिली बॅच. परेशभाईंनी काल मेसेज टाकला होता मला, ऑल डन.

रामेश्वर: परेशभाई सुपरवायझर हायती. त्येंना सगळंच डन दिसतंय.

मिहिका: फाइल उघडत नाहीये का? डिझाइनच्या शहनाझला सांगते परत पाठवायला.

रामेश्वर: शहनाझबाईनं फाइल बरोबर दिलीया. मीच लावली न्हाई मशीनला. मॅडम, तुमी ती दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या.

मिहिका: दुसऱ्या कुणाकडून? हाताने कडा साफ करणारे इथे तुम्ही एकटे आहात. आणि मला मॅडम नका म्हणू, प्लीज. मिहिका म्हणा.

रामेश्वर: परेशभाई तर मिया मॅडम म्हणत्यात.

मिहिका: ते ऑफिसमधलं आहे. मिहिका कोणाला नीट म्हणता येईना, म्हणून मीच सांगितलं, मिया म्हणा. काका, ते सोडा. ही माझी पहिली नोकरी आहे, पहिलं एक्झिबिशन. एक दगड पाटीशिवाय गेला तर माझी चूक होणार, तुमची नाही. काय झालंय ते तरी सांगा.

रामेश्वर: काय लिवलंय त्या पाटीवर?

मिहिका: तुम्ही वाचलं नाही?

रामेश्वर: अक्षरं वळखतो, वाचता येत न्हाई. चोवीस वर्षं झाली, इंग्रजी कोरतोय, अरबी कोरतोय. बँकेची पाटी आन कबरीची पाटी मला एकच. कड सरळ आली पायजे, बास. कधी मनाला लावून घेतलं न्हाई. पण हे जुन्या ग्रीक कबरींचं दगड आलं आन तुमी त्या दिवशी चहाच्या टायमाला एकेक नाव फोडून सांगितलंत ना, तवापासनं हात चालंना झालाय.

मिहिका: मी तर सहज सांगत होते. तुम्ही विचारलंत म्हणून.

रामेश्वर: पयला दगड कुणाचा म्हणालात?

मिहिका: थिओडोरोस. थिओस म्हणजे देव, डोरोन म्हणजे देणगी. देवाने दिलेला.

रामेश्वर: म्हंजे आपला देवदत्तच. आन तो घोडेवाला?

मिहिका: फिलिप्पोस. ज्याचा घोड्यांवर जीव आहे तो. दारात खरंच घोडा असेल असं नाही हं. श्रीमंतांची ऐट होती ती. ग्रीक लोक नावं अशी जोडून करायचे. कधी अर्धं बापाच्या नावातलं, अर्धं दुसरीकडचं. पहिल्या मुलाला बहुतेक आजोबांचं नाव. आणि माणसाला नाव एकच, आडनाव वगैरे भानगड नाही. फार तर अमक्याचा मुलगा तमका.

रामेश्वर: आन ती ल्हान पोरगी?

मिहिका: सातवा दगड. झोसिमी. झोई म्हणजे आयुष्य. झोसिमी म्हणजे जगण्यासारखी, तगून राहील अशी.

रामेश्वर: किती तगली?

मिहिका: दोन वर्षं.

रामेश्वर: तिची पाटी म्या दोन दिस घासत बसलो होतो. परेशभाई म्हणाले, रामू, यल्ला, चल लवकर, किती पॉलिश करशील. नाव ठेवलं 'जगंल' आन दोन वर्षांत खलास. चांगलं नाव ठेवायचं म्हंजे कुणाला तरी आवतान धाडल्यागत हाय बघा.

मिहिका: असं काही नसतं, काका. तेव्हा निम्मी मुलं लहानपणीच जायची. नावाने काही होत नाही.

रामेश्वर: मंग तुमी कशाला शिकलात नावं? लंडनला जाऊन दीड वरीस?

मिहिका: माझी आईपण हेच विचारते. अल मजाजला आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या आंटींची मुलं आयटीत आहेत, आणि तिची, लतिकाची, मुलगी मेलेल्या लोकांची नावं वाचते. पण तुमचं काय चाललंय ते मला कळत नाहीये. त्या पाटीत चूक आहे का काही?

रामेश्वर: शहनाझबाईला इचारलं म्या, ह्या बाराव्यावर काय हाय. तिला हसूच आवरंना. म्हणाली, चाचा, इस औरत का नाम तो कचरा है. तुमी वाचा की जरा. मराठीत सांगा.

मिहिका: बरं. हेडिंग आहे, मिस गार्बेज. मुलांना गंमत वाटावी म्हणून. खाली असं आहे की, कोप्रिया हे नाव 'शेणाचा ढीग' या शब्दावरून आलं आहे. नको असलेली मुलं लोक उकिरड्यावर टाकून देत. कोणीतरी त्यांना उचलून नेई आणि गुलाम म्हणून वाढवी. कोप्रिया आईवडिलांना नको होती. तिचं नाव तिला आयुष्यभर त्याची आठवण करून देत राहिलं. एवढंच. चाळीस शब्दांची लिमिट आहे.

रामेश्वर: नको होती?

मिहिका: हो.

रामेश्वर: हे दगडावर लिवलंय?

मिहिका: दगडावर नाही. दगडावर फक्त नाव, अमक्याची मुलगी, वय, आणि शेवटी 'खैरे'. म्हणजे बरी राहा. निरोप घेताना म्हणायचा शब्द आहे तो.

रामेश्वर: अमक्याची मुलगी? बापाचं नाव हाय?

मिहिका: आहे ना. ही दुसरी ओळ. डिओनिसिओसची मुलगी.

रामेश्वर: मंग टाकलेली कशी?

मिहिका: म्हणजे?

रामेश्वर: तुमी शिकलेल्या हायसा, मला उलगडून सांगा. जी पोरगी बापानं उकिरड्यावर टाकली, कुणी तरी तिसऱ्यानं उचलून नेली, गुलाम केली, तिच्या दगडावर बापाचं नाव कोण घालंल? ह्या उचलणाऱ्याला ते ठावं तरी कसं असंल?

मिहिका: थांबा. एक मिनिट.

रामेश्वर: आन वय किती?

मिहिका: सत्तर.

रामेश्वर: सत्तर. नाव शेणाचं आन सत्तर वर्सं. ती 'जगंल' म्हणलेली दोन वर्षांत गेली.

मिहिका: हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. बापाचं नाव मीच टाइप केलंय, मीच ट्रान्सलेट केलंय. मला मूर्खासारखं वाटतंय, काका. यावर प्रोफेसर लोकांत वाद आहे, मी वाचलाय तो. काही म्हणतात ही टाकलेली मुलं. काही म्हणतात की नाही, वाईट नाव मुद्दाम ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. मी दुसरं सोडून दिलं. चाळीस शब्दांत दोन्ही बसत नव्हतं, आणि पहिलं जास्त इंटरेस्टिंग वाटलं.

रामेश्वर: दुसरं खरं हाय.

मिहिका: तुम्ही इतकं नक्की कसं सांगता?

रामेश्वर: आमच्या गावात एक होता. आटपाडीकडं गाव हाय माजं. उकिरड्या नाव होतं त्येचं.

मिहिका: उकिरड्या? सॉरी. सॉरी, काका, मी हसायला नको होतं. खरंच नाव होतं? शाळेत वगैरे?

रामेश्वर: शाळेच्या दाखल्यावर उकिरडा. हसू दे, सगळीच हसत्यात. त्येच्या आयला आदी चार पोरं झाली. एकबी वर्साचं झालं न्हाई. चौथ्याला तर तिनं दृष्टीच्या काळ्या मण्याचा हार घातला होता, तोबी पुरताना तसाच ऱ्हायला गळ्यात. पाचवं झालं तवा सुईण म्हणाली, ठकू, हे तुजं न्हवंच. मंग त्या लेकराला सुपात घातलं आन नेऊन गावाच्या उकिरड्यावर ठेवलं. शेणात, केरात. आन सगळी माघारी फिरली. वळून बगायचं न्हाई.

मिहिका: खरंच ठेवलं? जन्मलेलं बाळ?

रामेश्वर: पाचव्या दिसाचं. थोडा वेळच. मंग शेजारीण गेली, जशी काय केर टाकायला आलीया. वरडली, अगं बया, हितं कुणाचं तरी पोर पडलंय, कुणाला पायजे का. तवा आय म्हणाली, मला दे, काय घेशील. शेजारीण म्हणाली, सूपभर कोंडा दे. घासाघीसबी केली न्हाई आयनं. कोंडा दिला आन पोर घेतलं.

मिहिका: आपलंच मूल विकत घेतलं.

रामेश्वर: आपलं न्हवंच ते, अशी बतावणी. जो न्यायला येतो त्येला वाटावं, ही तर कचऱ्यात गावलेली जिन्नस, कोंड्याच्या मोलाची. हिला कोण नेणार. त्येनं शेजारचं दार बगावं. मंग नावबी तसंच ठेवायचं, आन मरंस्तवर त्याच नावानं हाका मारायच्या, मोठ्यांदा, म्हंजे त्येच्या कानावर जात ऱ्हातंय. आन तुमी म्हणता नको होती. त्या आयला ते पोर एवढं पायजे होतं की जगाला सांगायची चोरी.

मिहिका: पाटी बदलते मी. आत्ता बदलते. लॅपटॉप गाडीत आहे. चाळीस शब्दांत बसवते कसंही करून.

रामेश्वर: बसवा.

मिहिका: मग तो जगला? तुमच्या गावातला उकिरड्या?

रामेश्वर: जगला की. शेचाळीस वर्सं जगला. मंग म्या त्येला मारला.

मिहिका: काय म्हणालात?

रामेश्वर: पोरी, तो मीच हाय.

मिहिका: तुम्ही तर रामेश्वर.

रामेश्वर: पासपोर्टाच्या टायमाला सांगलीत एजंट फॉर्म भरत होता. नाव सांगितलं. त्येनं पेन खाली ठेवला आन शेजारच्याला हाक मारून दाखवलं मला. म्हणाला, असल्या नावाला दुबईत कोण काम देईल. गावात रामेश्वराचं देऊळ हाय. तेच तोंडाला आलं. राजपत्रात नाव बदलून आणलं त्येनं, शिक्क्यानिशी. बावीस वर्साचा होतो. विमानात बसलो तवा वाटलं, सुटलो एकदाचा.

मिहिका: आईला सांगितलं होतंत?

रामेश्वर: सांगितलं न्हाई, पण कळलं असंल. बायको, पावणेरावळे समदी रामेश्वर म्हणायला लागली. ती न्हाई. फोनवर पयलं वाक्य तेच, कोण, उकिरड्या का? म्या नुसतं हां म्हणायचो. फोन कानाला घट्ट धरून.

मिहिका: आणि मारला म्हणजे काय?

रामेश्वर: तीन आठवडं झालं. खोलीत बारा जण ऱ्हातो आमी. शुक्रवार होता, कणीक मळत होतो, हात भरलेलं. आयचा फोन आला. स्पीकरवर टाकला. तिची याददाश्त वर्सभरात लई उतरलीया, ऐकायला बी कमी येतं. ती आपली एकच धोशा लावून बसली, उकिरड्या, अरं उकिरड्या, बोल की रं. खोलीत जळगावचा किसन हाय, हितंच पेट्या ठोकतो तो. तेवढाच मराठी. तो म्हणाला, ए रामू, उकिरड्या कोण रं? आन बाकीच्यांना हिंदीत सांगितलं, कचरे का ढेर. बिहारचे, नेपाळचे, समदे खो खो हसाय लागले.

मिहिका: मग?

रामेश्वर: म्या म्हणालो, है एक हमारे गाँव का पागल. मर गया वो.

मिहिका: फोन चालू होता?

रामेश्वर: चालू होता. ती टीव्हीवर हिंदी मालिका बगत बसायची दिसभर. मर गया तिला कळतंय.

मिहिका: अरे देवा.

रामेश्वर: तेवढं ऐकलं तिनं. मंग फोन बंद. रात्री बायकोचा फोन, अहो, तुमी काय बोललात आत्याबाईंना? त्या धाय मोकलून रडत्यात, माजा उकिरड्या गेला म्हणत्यात.

मिहिका: पण तुम्ही सांगितलं असेल ना, मी आहे म्हणून.

रामेश्वर: सांगितलं. आये, मी बोलतोय, रामेश्वर. ती बायकोला म्हणाली, हा पावना कोण हाय, ह्येला पाणी दे. दहाव्या दिवशी म्हणाली, कावळ्याला घास ठेवा उकिरड्याचा. न्हाई ठेवला तर सवता चुलीपाशी गेली. चटका बसला हाताला. आता चार दिस झालं, अन्न सोडलंय. डागदर घरी येऊन गेला. म्हणाला, वय झालंय, दवाखान्यात नेऊन हाल करू नका, पोटात काय गेलं तर दोन दिस जास्त.

मिहिका: तुम्ही जात का नाही, काका?

रामेश्वर: पासपोर्ट रिन्यूला दिलाय. वीस तारखेला मिळंल म्हणत्यात. आज बारा.

मिहिका: मग फोनवर. फोनवर सांगा ना, मी उकिरड्या. दोन शब्द आहेत.

रामेश्वर: ते दोनच शब्द हायती, खरं हाय.

मिहिका: सॉरी.

रामेश्वर: जिन्यात उभं राहून सांगितलं, हळू आवाजात. तिला ऐकू येत न्हाई. वरडल्याबिगर पोचत न्हाई तिला. आन वरडलो तर सगळ्या मजल्याला कळंल की रामेश्वर म्हंजे कोण. मंग कुंपणाबाहेर गेलो, उन्हात, तिथं कोण नसतंय. फोन लावला. बायकोनं तिच्या कानाला धरला. आन माजी जीभच उचलंना. जागा न्हाई, लोक हायती, ही आपली सांगायची कारणं. चोवीस वर्सं त्या नावाची घाण वाटत आली मला. आयनं दिलेल्या नावाची. म्या म्हणालो, आये, जेव गं. ती म्हणाली, पावनं, तुमचा आवाज माज्या पोरागत हाय.

मिहिका: काका, बसा. इथे बसा. पाणी आणू?

रामेश्वर: नको. काल शहनाझबाई हसली आन म्हणाली कचरा, तवा वाटलं, ही पाटी काय माज्या हातनं व्हायची न्हाई. आदीच एकदा मारलाय. आता दगडात कोरून कसा मारू? आन तेबी पोरं हसावीत म्हणून.

मिहिका: मी काय लिहू, सांगा. हेडिंग काढून टाकते. काय लिहू?

रामेश्वर: म्या काय सांगणार. शिकलेली तू.

मिहिका: नाही, तुम्ही सांगा. मी इंग्लिश करते त्याचं.

रामेश्वर: लिव की, हिचं नाव उकिरडा. आदीची गेली असतील. ही जावी असं आयबापाला वाटत न्हवतं, म्हणून हे नाव. सत्तर वर्सं जगली. किती झालं शब्द?

मिहिका: बसतंय. 'असतील' मात्र ठेवायला हवं, कारण नक्की माहीत नाही.

रामेश्वर: ठेव. तुजा फोन वाजतोय.

मिहिका: माझा नाही. तुमचा आहे, त्या टेबलावर. उर्मिला लिहून येतंय.

रामेश्वर: बायको. ह्या वक्ताला ती करत न्हाई कदी. घरी दोनच्या पुढं झालं असतील. तिनं ह्या वक्ताला केला म्हंजे…

मिहिका: घ्या, काका. उचला.

रामेश्वर: हॅलो. उर्मिला? हां, बोल. काय झालं?

उर्मिला: अहो, ऐकताय का? आत्याबाई डोळं उघडंनात सकाळपासनं. पाणीबी व्हटावरनं वघळतंय. शेजारची माणसं आलीत. आपल्या लेकीला, मनालीला, बोलवून घेतलीया सासरहून. तुमी बोलता का? म्हणलं, श्वास हाय तवर कानाला लावावा.

रामेश्वर: लाव.

उर्मिला: लावलाय. बोला. स्पीकर बी केलाय.

रामेश्वर: आये. आये, मी हाय.

उर्मिला: काय न्हाई ऐकू आलं. लई घरघर येतीया तुमच्या तिकडनं.

मिहिका: कॉम्प्रेसर आहे. बंद करायला सांगू? काका, बंद केला तर मग सगळ्या शेडला ऐकू जाईल. लंच टाइम आहे, सगळे इथेच बसलेत. किसन पण आहे ना तो, पेट्यांपाशी?

रामेश्वर: तोच हाय.

मिहिका: मग काय करू?

रामेश्वर: बंद कर.

(कॉम्प्रेसर बंद होतो. शेडमधलं बोलणंही थांबतं.)

उर्मिला: आता बोला. आता साफ येतंय.

रामेश्वर: आये. मी उकिरड्या.

उर्मिला: मोठ्यांदा, अहो. वरडून बोला.

रामेश्वर: आये, मी उकिरड्या बोलतोय. तुजा उकिरड्या. म्या मेलो न्हाई गं. खोटं बोललो होतो मी, माणसं हसली म्हणून खोटं बोललो. उकिरड्या हाय मी, जिता हाय. ऐकतीयास का? आये?

उर्मिला: अहो, त्यांची पापणी हलली.

रामेश्वर: सूपभर कोंडा देऊन घेतलास ना मला? तो मीच, आये. उकिरड्या.

उर्मिला: डोळं उघडल्यात. मनाली, पाणी दे गं इकडं, चमच्यानं. अहो, घोट उतरला. गळ्याखाली उतरला. काय तरी बोलायचंय त्यांना. थांबा, फोन तोंडाशी धरते.

ठकुबाई: हळू.

रामेश्वर: काय, आये?

ठकुबाई: हळू बोल की रं. ऐकंल तो.

रामेश्वर: कोण ऐकंल? हितं समद्यांनी ऐकलंय आये. ऐकू दे. मला न्हाई आता कुणाची लाज.

ठकुबाई: माणसं न्हवं. ज्येनं चार नेली, तो. हितंच बसलाय, उशाला. त्येला वाटतंय तू गेलास.

रामेश्वर: आये.

ठकुबाई: म्या रडून दावलं त्येला, तुला पावना म्हणलं. घास ठेवला. आता तू नगं वरडूस. मला घेऊन जाऊ दे त्येला गप.

रामेश्वर: बरं, आये. हळू बोलतो.